दुःखाच्या घरी पहिलं पाऊल

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, सेवेकरी मंडळींच्या दोन दिवसांच्या शिबिराच्या शेवटी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



वीणा तिकडं मंडपात पहाऱ्याला उभी आहे, म्हणून इथं कीर्तन नाही. नुसतं बोलणं आहे. समोर आपले टाळकरी आहेत, टँकरवाले आहेत, स्वयंपाकाच्या माऊल्या आहेत, दोन पोलीस पाटील आहेत आणि १०८ गाडीवरची दोन पोरंही येऊन बसलीत. डॉक्टर बाईंनी दोन दिवस तुम्हाला शिकवलं. छाती कशी दाबायची, उन्हाचा झटका आला तर काय करायचं, रक्त कसं थांबवायचं. ते मी सांगायला गेलो तर चुकीचं सांगीन. माझं शिक्षण चौथी. पण बाईंनी मला म्हटलं, महाराज, माणूस वाचला तर पुढचं सोपं आहे. नाही वाचला, तर त्याच्याशेजारी जी बायको उभी आहे, भाऊ उभा आहे, त्याच्याशी पहिल्या तासात कसं वागायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही चाळीस वर्षं मौतीच्या घरी जाताय.

ते खरं आहे. दहाव्याला घाटावर प्रवचन, तेराव्याला कीर्तन, वर्षश्राद्धाला कीर्तन, असं आमचं चालतं. शेत आहे, पण लोक बोलवतात ते जास्त करून मरणाच्या निमित्तानं. मात्र आम्ही कीर्तनकार दहाव्या दिवशी जातो, पहिल्या तासाला नाही. पहिल्या तासाला तुम्ही असता. शेजारी असतो, विहिरीत उडी मारणारा पोहणारा असतो, पोलीस पाटील असतो, ट्रकचा ड्रायव्हर असतो. तुम्ही त्या वेळी जे बोलता ते त्या माणसाला जन्मभर पाठ राहतं. आमचं दहाव्याचं प्रवचन कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण 'ती बातमी कुणी सांगितली आणि कशी सांगितली' हे म्हातारी बाई तीस वर्षांनीसुद्धा शब्दाला शब्द सांगते.

आता एक वारीतलीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांमागची आहे, नावं घेत नाही. माळशिरस सोडून वेळापूरच्या वाटेला होतो. ऊन तापलेलं. आपल्या दिंडीतले एक आजोबा, पताका खांद्यावर, चालता चालता खाली बसले आणि तसेच कलंडले. गाडी आली, डॉक्टरनं हात धरला, मान हलवली. झालं. त्यांची बायको मागं बायकांच्या रांगेत होती, डोक्यावर तुळस. तिला पुढं आणली. आणि मग काय सुरू झालं? जो येईल तो हात जोडून म्हणतोय, 'आजी, भाग्य लागतं असं. वारीत देह पडला. साक्षात पांडुरंगानं नेलं.' एकानं तर तिथंच गजर धरला.

आजी ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "भाग्य त्यांचं, बाबा. मी घरी कुणाला घेऊन जाऊ?"

सगळे गप्प. आता त्या लोकांचं मन वाईट होतं का? बिलकुल नाही. आपण वारकरी, आपली तशी श्रद्धाच आहे, आणि मलाही असं मरण आवडेल. पण ज्याचं मरण आहे त्यानं ते म्हणावं. ज्याच्या गळ्यात विरह पडला त्याला आपण भाग्य मोजून देऊ नये.

त्या गर्दीत एक हंडेवाली बाई होती, दिंडीला पाणी पाजणारी. ती पुढं आली आणि तिनं काय केलं? आजीच्या डोक्यावरची तुळस उतरवली. माउली, इतका वेळ ती बाई डोक्यावर वृंदावन घेऊन उभी होती, आणि आम्हा पन्नास माणसांत ते कुणाला दिसलं नव्हतं. तुळस उतरवून सावलीत ठेवली, आजीला बसवलं, पदर ओला करून तोंडावरून फिरवला, आणि शेजारी मांडी घालून बसली. तोंडातून शब्द नाही.

डॉक्टर बाईंनी मला सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली यावर एक पुस्तिका काढली आहे, जगभरच्या मदत करणाऱ्या लोकांसाठी. मानसिक प्रथमोपचार म्हणतात त्याला. त्यात मुख्य तीन गोष्टी: पाहा, ऐका, जोडून द्या. मी ऐकलं आणि म्हटलं, ही तर आपली हंडेवाली. तिनं आधी पाहिलं. आपण सगळे बोलायला धावलो.

पाहा म्हणजे काय, तर जागा धोक्याची आहे का ते आधी बघा. पालखी मार्गावर गाड्या धावतात, एकाला उचलायला दहा जण रस्त्यात उभे राहिले तर आणखी एक जायचा. मग बघा की या माणसाच्या पायात चप्पल आहे का, लहान लेकरू कुणाच्या हातात आहे, साखरेची गोळी घेणारा आहे का, अंग थरथरतंय का. कुणी हंबरडा फोडतं, कुणी दगडासारखं बसतं, कुणी हसतंसुद्धा, कुणी तुमच्याच अंगावर धावून येतं. यातलं काहीच वेडेपणाचं नाही. अंगावर आलेला माणूस तुमच्यावर चिडलेला नसतो. त्याचा राग मनाला लावून घेऊ नका, आणि त्याला 'शांत व्हा' असं दरडावूही नका.

आपल्याकडं एक फार वाईट खोड आहे. बाई रडत नसली की चार जणी म्हणतात, 'रडवा तिला, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल.' मग तिला गदागदा हलवतात, मेलेल्याचे कपडे पुढ्यात टाकतात. आणि रडत असली की पुरुष म्हणतात, 'रडू नका, लेकरांकडं बघून आवरा.' म्हणजे रडली तरी चूक, नाही रडली तरी चूक. अहो, तिचं तिला करू द्या की! रडणं येईल तेव्हा येईल. कुणाला तिथंच येतं, कुणाला पंधरा दिवसांनी चुलीपुढं येतं.

दुसरं, ऐका. ती आजी नंतर बोलायला लागली. सकाळी त्यांनी चहा अर्धा टाकला होता. मी म्हटलं पुरा घ्या, म्हणाले नको, जड होतंय. एवढंच. पुन्हा तेच, चहा अर्धा टाकला होता. वीस वेळा झालं असेल. हंडेवाली वीस वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होती. तिनं असं नाही म्हटलं की 'तेव्हाच डॉक्टरकडं न्यायचं होतं.' असंही नाही म्हटलं की 'तुमचा काही दोष नाही हो, सोडा तो विषय.' ऐकणं म्हणजे हेच.

आणि एक उलट बाजूही आहे. काही मदत करणाऱ्यांना वाटतं, त्या माणसाला सगळं बोलतं करावं, म्हणजे मन मोकळं होईल. 'काय झालं? कसं झालं? तुम्ही कुठं होता?' बाई म्हणाल्या, असं लगेच खोदून काढू नये, त्यानं फायदा होत नाही आणि एखाद्याला त्रासच होतो. स्वतः बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर बसून राहायचं. मला हे शेतावरनं कळतं. जोराचा पाऊस झाला की लगेच पाभर घेऊन जात नाही आपण. चिखलात पाभर घातली की ढेकळं होतात, बी सडतं. वाफसा यायची वाट बघतो. बी चांगलंच आहे, अभंग चांगलाच आहे, पण रानाला वाफसा नाही.

हे मी आमच्या कीर्तनकार मंडळींनाही सांगतो, त्यांना राग येवो. तुकोबारायांच्या संसारातलं दुःख आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, त्यात बायको गेली, संतू नावाचा पोरगा गेला. आणि लगेच आम्ही त्यांच्या वैराग्याच्या अभंगावर उडी घेतो, जणू काही सकाळी बायको गेली आणि संध्याकाळी महाराज मोकळे झाले. अहो, मधले दिवस कुठं गेले? महाराज डोंगरावर जाऊन बसले ते दिवस? अभंग नंतरचे आहेत. ज्याची बायको आज गेली त्याच्या तोंडावर तो अभंग फेकायचा नसतो.

आणि निवृत्तिनाथांकडं बघा. आळंदीला शके १२१८ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. समाधीत नेऊन बसवणारे निवृत्तिनाथ, थोरले भाऊ आणि गुरू. ज्ञानोबांना ज्ञान कुणी दिलं? निवृत्तिनाथांनी. देह नाशवंत, आत्मा अमर, हे त्यांना कुणी शिकवायचं? आणि नामदेवरायांचे समाधीचे अभंग वाचा. निवृत्तिनाथांचा शोक त्यांनी लपवलेला नाही. आईबाप गेल्यावर ज्यानं धाकट्यांना सांभाळलं, तो त्या दिवशी मोडून पडला. मग वर्षभराच्या आत सासवडला सोपानकाका, पुढं मुक्ताई. सासवडच्या मुक्कामाला आपण दरवर्षी राहतो, तिथं हे आठवत जा. निवृत्तिनाथ रडले तर चालतं, आणि आपल्या गावच्या कुणाची आई रडली तर आपण म्हणतो, 'माळकरी असून एवढं?'

नामदेवरायांचंच आणखी एक सांगतो, कारण ते तुमच्या कामाचं आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. कूस ढासळलं आणि खाली मजूर गाडले गेले. त्यात चोखोबाराय. साल १३३८. आता गावकुसाबाहेरच्या माणसाचं मढं त्या काळी कोण हुडकणार? नामदेवराय पंढरपूरहून गेले. दगडामातीतून अस्थी गोळा केल्या. ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, अशी आपली परंपरा सांगते. त्या अस्थी आणून महाद्वारापुढं समाधी दिली. आपण नामदेव पायरीला हात लावतो तेव्हा समोरच ती आहे. कीर्तनात आम्ही हाडातून नाम आलं यावर तासभर बोलतो. पण मी आज वेगळंच बघतो. एक माणूस ढिगाऱ्यापाशी गेला, त्यानं मेलेल्याला नावानं ओळखलं, ढिगातलं एक मढं म्हणून सोडलं नाही, आणि मानानं आणून ठेवलं. तुम्हाला अपघाताच्या जागी हेच करायचं आहे. 'बॉडी' म्हणू नका. नाव माहीत असलं तर नाव घ्या. नसलं तर आजोबा म्हणा, दादा म्हणा. अंगावर आपलं उपरणं टाका.

आणि तो मोबाईल खिशात ठेवा! फोटो काढून ग्रुपवर टाकतात. घरच्यांना बातमी कळायच्या आत बापाचा रक्तानं भरलेला फोटो पोराच्या मोबाईलवर जाऊन पडतो. असं झालेलं आहे, आपल्याच तालुक्यात. ते चित्र त्या पोराच्या डोळ्यांपुढून कोण पुसणार? आपल्या दिंडीत जो असा फोटो टाकील त्याला मी पुढच्या वर्षी टाळ देणार नाही. हे मी विश्वस्तांना विचारून बोलत नाही, पण बोलतो.

बातमी सांगायची कशी, यावर दुपारी बरीच वादावादी झाली. आपली रीत अशी की मेला तरी फोनवर 'जरा सीरियस आहे, लवकर या' सांगायचं. कारण काय, तर घरचे वाटेत घाबरतील. पण मग काय होतं? भाऊ मोटारसायकल घेऊन वाऱ्यासारखा निघतो, देवाला नवस बोलत, पैसे जमवत. आणि येऊन बघतो तर अंगावर कापड. त्याला दोन धक्के बसतात. एक मरणाचा आणि एक आपण फसवल्याचा. माझं मत असं. घरातला एक घट्ट माणूस निवडा, शेजारी किंवा पोलीस पाटील त्याच्यापाशी प्रत्यक्ष जाऊ द्या. खाली बसवून, सरळ शब्दात सांगा, की आजोबा गेले. 'देवाघरी गेले का दवाखान्यात नेले' असा घोटाळा होईल असं बोलू नका. आणि त्याला एकट्याला गाडी चालवू देऊ नका, ड्रायव्हर दुसरा द्या. फोनवरच सांगायची पाळी आली, तर आधी विचारा, 'जवळ कोण आहे? गाडी चालवताय का?' मग सांगा. एका मोठ्या दवाखान्यात मी बघितलंय, नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली आणि माणूस पुढं निघून गेला. त्याला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन तो औषधाच्या दुकानात गेला, औषध आहे समजून.

लहान लेकरांनाही खरं सांगा. 'बाबा गावाला गेले' म्हटलं की ते पोर रोज एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसतं. 'झोपलेत' म्हटलं की ते झोपायला भितं. 'बाबा मेले, आता परत येणार नाहीत, तुझी काही चूक नाही, तुला आम्ही सांभाळू.' एवढं पुरे. बापाचं तोंड बघायचं का, हे त्याला विचारा.

मोठ्यांनाही विचारा. अपघातात चेहरा बिघडला की आपण आईला धरून ठेवतो, बघू देत नाही. तिच्या भल्यासाठीच, पण ती जन्मभर म्हणते, 'मला माझं लेकरू दाखवलं नाही.' आधी सांगा की असं असं झालंय, डोक्याला मार आहे, हात चांगला आहे. मग तिला ठरवू द्या. चेहरा झाकून नुसता हात हातात दिला तरी चालतं कधी कधी.

बायकांच्या बाबतीत एक खास सांगतो. नवरा गेला की पहिल्या तासातच कुणीतरी बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला, जोडवी काढायला पुढं येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की विधवेवर ही जबरदस्ती आमच्या गावात नाही. सरकारनंही मग बाकी गावांना तसं सांगितलं. ठराव आपल्या गावात होईल तेव्हा होवो. पण जिचं आभाळ नुकतंच कोसळलंय तिच्या हातावर दगड मारणारी माणसं मला तरी दुःखात सोबतीला आलेली वाटत नाहीत. तुम्ही तिथं असाल तर मधे उभे राहा. 'तिचं ती बघेल' म्हणा. भांडण नको, नुसतं उभं राहा.

तिसरं, जोडून द्या. यात आपण वारकरी कमी पडतो, कारण आपल्याला वाटतं सांत्वन म्हणजे बोलणं. त्या आजीला खरी गरज कशाची होती? मुलाला निरोप, गाडी, कागद, आणि घरी पोचेपर्यंत सोबतीला बाईमाणूस. दिंडी थांबत नाही, पालखी थांबत नाही. पण आपले दोन पुरुष आणि ती हंडेवाली तिच्याबरोबर गावापर्यंत गेली. हंडेवालीची त्या वर्षीची वारी तिथंच संपली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कागदांचं लिहून घ्या. अपघाती मरण असलं की पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. घरचे म्हणतात, फाडू नका, सोडा लवकर. त्यांना हळू सांगावं लागतं की हे कायद्याचं आहे, आणि तुमच्याच कामाचं आहे. शेतकऱ्याला अपघाती मरण आलं, साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांत. दहावं-तेरावं करता करता अर्धे दिवस जातात. पण हे पहिल्या तासाला त्या बाईला सांगायचं नाही, बरं का! भावकीतल्या एकाला बाजूला घेऊन सांगा आणि त्याच्याकडून कागद जपवून घ्या.

स्वतःहून जीव दिलेला असला, तर आणखी सांभाळून. आपल्या भागात हे फार झालंय, लपवण्यासारखं नाही. त्या अंगणात पहिला प्रश्न काय असतो? 'कर्ज किती होतं?' दुसरा, 'घरात भांडण झालं होतं का?' दोन्ही प्रश्नांनी त्या बायकोला आरोपी करता तुम्ही. पोलिसांना विचारावं लागतं ते पोलीस विचारतील. आपण कसं, कुठं, कशानं केलं याची चर्चा पारावर करू नये, आणखी एखादा कानकोंडा माणूस ऐकत असतो. आणि त्या घरात आणखी कुणी 'मलाही जगायचं नाही' म्हणालं, तर ती बोलायची पद्धत समजून सोडू नका. एकटं ठेवू नका, औषधाचा डबा आणि दोर घरातून हलवा, आणि १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात, सरकारचं आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आपल्या दिंडीच्या पासाच्या मागं हा नंबर छापायला मी सांगितलंय.

आता तुमचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, आणि तुम्हीच ऐकणार नाही, माहीत आहे.

१९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. आपल्यासारखीच दगडमातीची माळवदं, ती अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं. आम्ही गावातनं ट्रॅक्टरभर भाकरी घेऊन गेलो, मी तेव्हा तिशीतला. पाऊस चालू, वाटेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले, लोक मदत टाकून गेले होते. आम्ही भाकरी वाटायला गेलो आणि माती उपसायला लागलो. आमच्यातला एक गडी, ताकदीचा, पहिलवान. त्यानं दोन दिवसांत किती जणांना बाहेर काढलं मोजलं नाही. गावी आला आणि वर्षभर माळवदाखाली झोपला नाही. थंडीतसुद्धा अंगणात. लोक हसायचे, पहिलवान भ्याला. तो भ्यालेला नव्हता. जे बघितलं ते त्याच्या अंगात होतं. कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. त्याची आई मात्र रोज रात्री आपली वाकळ उचलून त्याच्या बाजेशेजारी अंगणात येऊन झोपायची. एक शब्द न बोलता. वर्षानं तो घरात गेला.

तर विहिरीतनं मढं काढणारी पोरं, १०८ वरची पोरं, पोलीस पाटील, तुमच्याही घरी असं होईल. हात धुतले तरी वास येतोय वाटेल, जेवण जाणार नाही, बायकोवर खेकसाल, झोपेत दचकाल. थोडे दिवस असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवतं. म्हणून काम झाल्यावर लगेच पांगू नका. आंघोळ करा, गरम काहीतरी खा, थोडा वेळ एकत्र बसा. बोलायचं असलं तर बोला, नसलं तर तंबाखू मळत बसा, तेवढी मला चालते. दारूकडं जाऊ नका, ती झोप देत नाही, उधार देते. महिना झाला तरी निवत नसलं तर डॉक्टर बाईंकडं जा, नाहीतर तोच १४४१६. तो फोन मदत करणाऱ्यांसाठीही आहे. माळ गळ्यात आहे म्हणून छातीत दगड नसतो. आणि एकाच पोराला दरवेळी बोलावू नका. गावात जो धीट असतो त्यालाच सगळी मढी उचलायला लावतात.

दहाव्याचं एक बोलतो आणि आवरतो. आजकाल घाटावर पुढाऱ्यांची श्रद्धांजली दीड-दीड तास चालते. घरचे उपाशी, उन्हात, डोकं भादरलेलं पोरगं समोर बसलेलं, आणि माईकवर हे आपल्या पक्षाचं सांगतात. माझ्या प्रवचनाला पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि तेराव्यानंतर सगळे गायब. खरं दुःख तर तेव्हा घरी येतं, पाहुणे गेल्यावर. पहिला पोळा येतो, बैलाला झूल घालायला धनी नाही. पहिली आषाढी येते. तुम्ही पहिल्या तासाला ज्याच्याजवळ बसलात, त्याच्याकडं महिन्यानं एक चक्कर मारा. काही न्यायला नको, सांगायला नको. 'शेंगा काढल्या का?' एवढं विचारा आणि ओट्यावर बसा. मेलेल्याचं नाव त्यांनी काढलं तर विषय बदलू नका.

यंदा आपण असं ठरवलंय. प्रत्येक राहुटीत दोन जण, एक बाई आणि एक पुरुष, या कामाला. त्यांच्या पिशवीत एक स्वच्छ उपरणं, पाण्याची बाटली, साखर, फोन चार्ज करायची बॅटरी आणि एक वही. वहीत राहुटीतल्या प्रत्येकाच्या घरचा नंबर, औषध काय चालू आहे ते, आणि वाईट बातमी द्यायची पाळी आली तर आधी कुणाला सांगायचं, त्याचं नाव. हे ज्यानं त्यानं स्वतः आज सांगून लिहून द्यायचं. मी माझं लिहून दिलंय. थोरल्या सुनेचं नाव दिलंय, पोराचं नाही. पोरगं मनानं हळवं आहे.

वही घेऊन त्या माऊल्या मंडपाच्या दाराशी बसल्यात. जेवायला जायच्या आधी तिकडं जा. रामकृष्ण हरी.